बेपत्ता सैनिकांचा शोध, पहिल्या महायुद्धातील

पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) मरण पावलेल्या, परंतु ज्यांची कबर अज्ञात राहिली किंवा ज्यांचा मृतदेह ओळखता आला नाही, अशा सैनिकांचे अवशेष शोधणे, त्यांची ओळख पटविणे आणि त्यांच्या नावांची कायम नोंद करणे, असे या कार्याचे स्वरूप आहे. ते युद्धकाळातच सुरू झाले व अद्यापही चालू आहे. ब्रिटिश साम्राज्याच्या सु. ११ लाख मृतांपैकी पाच लाखांहून अधिकांची ज्ञात कबर नाही. त्यांत भारतीय सैनिकांची संख्या मोठी आहे.

कारणे : पश्चिम आघाडीवर दोन्ही सैन्ये खंदकांतून परस्परांसमोर वर्षानुवर्षे उभी होती. तोफांच्या माऱ्याने मृतदेह छिन्नविच्छिन्न होत, चिखलात गाडले जात किंवा दोन आघाड्यांमधील भूमीत पडून राहत. एकदा पुरलेले देहही पुढील लढाईत पुन्हा उखडले जात. ओळखीच्या साधनांतही उणीव होती. युद्धाच्या आरंभी ब्रिटिश सैनिकाजवळ एकच ओळखपट्टी असे. मृत्यूची नोंद करण्यासाठी ती काढून नेली, की देहावर ओळखीची खूण उरत नसे. म्हणून सप्टेंबर १९१६ मध्ये दोन पट्ट्या देण्याचे ठरले. तांबडी गोल पट्टी नोंदीसाठी काढून घ्यावयाची व हिरवी अष्टकोनी पट्टी देहाबरोबर ठेवावयाची, अशी ही योजना होती. तथापि तोवर असंख्य सैनिक निनावी पुरले गेले होते.

संघटित कार्याचा आरंभ : रेड क्रॉसच्या एका फिरत्या पथकाचा प्रमुख फेबियन वेअर याने १९१४ मध्ये फ्रान्समधील कबरींच्या नोंदी ठेवण्यास सुरुवात केली. १९१५ मध्ये या कामास लष्कराची मान्यता मिळाली आणि २१ मे १९१७ रोजी राजसनदेने ‘इंपीरिअल वॉर ग्रेव्ह्‌ज कमिशन’ हा आयोग स्थापन झाला. १९६० पासून तो ‘कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्‌ज कमिशन’ या नावाने ओळखला जातो. मृतदेह मायदेशी नेण्यास ब्रिटनने १९१५ मध्येच बंदी घातली होती. त्यामुळे जो जेथे पडला, त्याच भूमीत त्याची कायमची व्यवस्था करणे भाग पडले. हुद्दा, वर्ण व धर्म यांचा भेद न करता सर्व मृतांना समान सन्मान द्यावा, हे आयोगाचे घोषित तत्त्व होते. ते प्रत्यक्षात किती पाळले गेले, हा या इतिहासातील कळीचा प्रश्न आहे.

युद्धोत्तर शोध : युद्धविरामानंतर रणभूमीचे सु. ४५० मी. बाजू असलेले चौरस पाडून सैनिकांच्या तुकड्यांनी त्यांचा पद्धतशीर तपास केला. जमिनीत उलटी रोवलेली बंदूक, ठरावीक जागी दिसणारे गडद निळसर-हिरवे गवत, पाण्याला आलेला काळपट वा हिरवट रंग, उंदरांच्या बिळाजवळील हाडांचे तुकडे ही पुरलेल्या देहाची लक्षणे मानली जात. देह सापडल्यावर गणवेशाची बटणे, खांद्यावरील पलटणीचे चिन्ह, बूट, तसेच चमच्यावर कोरलेला क्रमांक यांवरून ओळख पटविली जाई. सप्टेंबर १९२१ पर्यंत दोन लाखांहून अधिक देह हलवून नियोजित दफनभूमींत पुरण्यात आले. लष्कराने हे काम थांबविल्यानंतरही नांगरताना किंवा पाया खणताना अवशेष मिळतच राहिले.

ज्यांची ओळख पटली नाही, त्यांच्या कबरीवर नावाऐवजी हा सैनिक केवळ ईश्वरालाच ज्ञात आहे, अशा आशयाचे वचन कोरले जाई. त्याची निवड कवी रडयर्ड किपलिंग याने केली. त्याचा स्वतःचा मुलगा १९१५ मध्ये लोसच्या लढाईत बेपत्ता झाला होता. कबर नसलेल्यांची नावे मोठ्या स्मारकांवर कोरण्यात आली. ईप्र येथील मेनिन गेटवर (१९२७) ५४,००० हून अधिक, तर त्येपव्हाल येथे (१९३२) ७२,००० हून अधिक नावे आहेत. फ्रान्सने व्हर्दंजवळील दूओमाँ येथे अस्थिगृह उभारले. तेथे सु. १,३०,००० अनोळखी फ्रेंच व जर्मन सैनिकांच्या अस्थी एकत्र ठेवल्या आहेत.

भारतीय सैनिक : फ्रान्समधील नव्ह शापेल येथील स्मारकावर (१९२७) ज्ञात कबर नसलेल्या ४,७०० हून अधिक भारतीय सैनिकांची व मजुरांची नावे आहेत. हिंदू व शीख सैनिकांचे शक्य तेथे दहन होत असल्याने त्यांची कबर नसे. म्हणून त्यांच्या बाबतीत कोरलेल्या नावाला विशेष महत्त्व होते. मेसोपोटेमियातील चित्र मात्र वेगळे आहे. तेथील सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. कूत येथील वेढ्यानंतर २९ एप्रिल १९१६ रोजी सु. १३,००० लोक तुर्कांच्या हाती सापडले. त्यांपैकी अनेकजण वाळवंटातील सक्तीच्या वाटचालीत व बंदिवासात मरण पावले. या मोहिमेतील ज्ञात कबर नसलेल्या ४०,५०० हून अधिक मृतांसाठी बसरा येथे १९२९ मध्ये स्मारक उभारण्यात आले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. सामान्य भारतीय शिपायांची मात्र पलटणवार केवळ संख्या देण्यात आली. अशा रीतीने त्यांना कबर नव्हती आणि शिळेवर नावही नव्हते. समुद्रात मृत्यू पावलेल्या भारतीय खलाशांचे स्मारक मुंबईतील ‘इंडियन सेलर्स होम’ या इमारतीत आहे.

आधुनिक पद्धती : फ्रॉमेल येथे १९–२० जुलै १९१६ रोजी ऑस्ट्रेलियाच्या पाचव्या डिव्हिजनचे ५,५३३ लोक मृत, जखमी, बंदी वा बेपत्ता झाले. जर्मनांनी आपल्या आघाडीमागे पुरलेले देह युद्धानंतर सापडले नव्हते. लँबिस इंग्लेझोस या ऑस्ट्रेलियन शिक्षकाने अभिलेख व हवाई छायाचित्रे यांच्या आधारे सामूहिक कबरींचा सतत पाठपुरावा केला. २००९ मधील उत्खननात तेथे २५० देह मिळाले. त्यांच्यासाठी नवी दफनभूमी निर्माण करून ती १९ जुलै २०१० रोजी समर्पित करण्यात आली. अस्थींवरून उंची व वय ठरविणे, वस्तूंची तपासणी, जर्मनांनी रेड क्रॉसकडे पाठविलेल्या मृतांच्या याद्या आणि नातेवाइकांच्या डीएनएशी तुलना यांच्या साहाय्याने १७० हून अधिक सैनिकांची नावे निश्चित झाली. या तुलनेत मातृवंशासाठी तंतुकणिकेतील, तर पितृवंशासाठी ‘वाय’ गुणसूत्रातील डीएनए उपयोगी पडतो. दोन्ही पद्धतींना संभाव्य नातेवाईक ठाऊक असावे लागतात व त्यासाठी बेपत्तांची नामावली अगोदर हाती असावी लागते.

भारतीयांच्या बाबतीत नेमकी हीच अडचण येते. फ्रान्समध्ये लाव्हाँतीजवळ २०१६ मध्ये सापडलेले दोन सैनिक चिन्हावरून गढवाल रायफल्सचे असल्याचे कळले. परंतु त्यांची व्यक्तिशः ओळख पटली नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये लष्करी इतमामाने त्यांचे दफन झाले. त्यामुळे अलीकडे उत्खननाइतकेच दप्तरांतील शोधकार्य महत्त्वाचे ठरले आहे. लाहोर संग्रहालयातील पंजाबी सैनिकांची सु. ३,२०,००० नावे असलेल्या नोंदवह्या २०२१ पासून अभ्यासकांस खुल्या झाल्या.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये आयोगाने स्वतः नेमलेल्या समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. भारतीय, आफ्रिकी, ईजिप्शियन इ. ४५,००० ते ५४,००० मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले, तर किमान १,१६,००० जणांचे स्मरण नावानिशी वा मुळीच झाले नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. आयोगाने त्याबद्दल क्षमायाचना केली आणि नावे शोधून नोंदविण्याचे काम हाती घेतले. बेपत्ता सैनिकाचा शोध जमिनीइतकाच त्याच्या काळच्या कागदपत्रांवर अवलंबून असतो. ज्यांची नावे त्या वेळी नोंदली गेली नाहीत, त्यांचे अवशेष सापडले, तरी ते बहुधा अनोळखीच राहतात.