वाघिणीचे दूध

पुण्यात 1880च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळकांनी शाळा काढली. मंडळी कट्टर स्वदेशाभिमानी, आणि शाळेचे नाव मात्र 'न्यू इंग्लिश स्कूल'! शास्त्रीबुवांना त्यात विसंगती वाटली नाही. इंग्रजी म्हणजे वाघिणीचे दूध, ही उपमा त्यांच्याच नावावर आहे. सरकारी शाळेतली नोकरी सोडलेल्या या निबंधमालाकारांना इंग्रजी हवे होते, पण कारकून घडवण्यासाठी नव्हे. पुढच्या वर्षी आगरकर शिक्षक म्हणून आले. 1882 साली कोल्हापूरच्या कारभाऱ्यांच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. आगरकर तिथे शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'च्या भाषांतराला भिडले! 'विकारविलसित' या नावाने ते 1883 साली छापून निघाले. तोवर भाषांतरकार मास्तर पुन्हा त्याच शाळेत शिकवत होते.