नैराश्य, काळ आणि मेंदू : शंभर वर्षांच्या एका प्रश्नाचा इतिहास

कुठलं औषध घ्यावं, किती दिवस घ्यावं, हे आज मी सांगणार नाही. ते काम डॉक्टरांचं. मी बोलणार आहे ते एका प्रश्नाच्या इतिहासाबद्दल. प्रश्न साधा आहे : नैराश्याचा आजार येतो आणि जातो, पण जाताना तो मेंदूत काही मागे ठेवून जातो का?

सुरुवात करू जर्मनीपासून. विसाव्या शतकाच्या आरंभी एमिल क्रेपेलिन हे मनोविकारतज्ज्ञ एक वेगळं काम करत होते. रुग्ण आज कसा दिसतो एवढ्यावर ते थांबत नसत. प्रत्येकाचं कार्ड करून वर्षानुवर्षं त्याच्या नोंदी ठेवत. आजाराला काळ असतो, हे त्या कार्डांमुळे दिसू लागलं. त्यांनी एका बाईंची हकिगत लिहून ठेवली आहे. पहिल्यांदा त्या नैराश्यात गेल्या त्या नवरा वारल्यावर. पुढच्या वेळी पाळलेला कुत्रा मेल्यावर. आणि त्यानंतर पाळलेलं कबूतर मेल्यावर. बघा, आजार तोच, पण त्याला लागणारं कारण दर वेळी लहान होत गेलं. असं का व्हावं, हे सांगायला त्यांच्या हातात मेंदूचा पुरावा नव्हता. निरीक्षण मात्र पक्कं होतं.

नंतर मात्र हा काळाचा मुद्दा बराच मागे पडला. कसा, त्याचा एक धागा थेट आपल्या मुंबईत येतो. 1949 साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावर होणारा परिणाम ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला. जगाचं लक्ष त्या मुळीकडे गेलं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं. पण हे औषध घेणाऱ्या काही रुग्णांना नैराश्य आल्याच्या नोंदी येऊ लागल्या. रिसर्पिनमुळे मेंदूतल्या सेरोटोनिनसारख्या रसायनांचा साठा रिकामा होतो, असं प्रयोगशाळेत दिसलं. त्याच काळात क्षयावरच्या इप्रोनियाझिडने रुग्णांना तरतरी येते, असंही डॉक्टरांच्या लक्षात आलं. ते औषध नेमकी हीच रसायनं टिकवून ठेवत होतं. दोन्ही टोकं जोडली गेली आणि 1965 मध्ये जोसेफ शिल्डक्राउट यांनी त्याचा नीट सिद्धांत मांडला : रसायन कमी पडलं की नैराश्य.

रिसर्पिनने खरंच किती जणांना नैराश्य आलं, यावर पुढे बरीच शंका घेतली गेली. पण कल्पना रुजली, कारण ती समजायला सोपी होती. टाकीतलं पाणी संपलं, भरलं की झालं! आता गंमत बघा, या चित्रात काळच नाही. टाकी किती दिवस रिकामी होती याला इथे काही अर्थ नाही. शिवाय एक कोडं उरलंच. औषधामुळे रसायनं काही तासांत वाढतात, मग माणसाला बरं वाटायला कित्येक आठवडे का लागतात?

काळ परत आला तो दुसऱ्याच दाराने. 1968 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅक्युएन यांना उंदरांच्या मेंदूत एक गोष्ट आढळली. ताणाच्या वेळी शरीरात स्रवणारं संप्रेरक हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात जाऊन साठतं. हा भाग आठवणींशी निगडित आहे. पण त्याचं आणखी एक काम आहे : ताणाच्या संप्रेरकाला लगाम घालायचा. 1986 मध्ये रॉबर्ट सापोल्स्की आणि मॅक्युएन यांनी सहकाऱ्यांबरोबर पुढचा मुद्दा मांडला. संप्रेरक फार काळ चढं राहिलं तर लगाम घालणारा भागच दुबळा होतो, आणि मग संप्रेरक आणखी चढतं. म्हणजे कुंपणानेच शेत खाऊ नये, तर शेतानेच कुंपण मोडावं, तसा प्रकार.

पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. माणसाच्या बाबतीत मोठं पाऊल पडलं 1996 साली. अमेरिकेत सेंट लुइस इथे यवेट शेलाइन यांनी नैराश्याचे फेरे येऊन गेलेल्या, पण तेव्हा बऱ्या असलेल्या 10 स्त्रियांचे एमआरआय काढले. सोबत तुलनेसाठी 10 निरोगी स्त्रिया. आजार होऊन गेलेल्यांचा हिप्पोकॅम्पस लहान भरला. आणि हा फरक वयाशी नाही, तर आयुष्यातले किती दिवस नैराश्यात गेले याच्याशी जुळत होता. 2003 मध्ये त्यांनीच 38 स्त्रियांवर दुसरा अभ्यास केला. त्यात फरक जुळला तो उपचारांविना गेलेल्या दिवसांशी. उपचार चालू असलेल्या दिवसांशी तो जुळला नाही.

आता इथे जरा थांबू. यावरून "नैराश्याने मेंदू झिजतो" असं ठोकून देणं बरोबर नाही. 2016 मध्ये अनेक देशांतली माहिती एकत्र केली गेली : 1,728 रुग्ण आणि 7,199 निरोगी माणसं. फरक सापडला, पण सरासरी सव्वा टक्क्याच्या आसपास. तो मुख्यतः वारंवार फेरे येणाऱ्यांत होता. पहिल्याच फेऱ्यातल्या रुग्णांत तो दिसला नाही. शिवाय एकदाच काढलेल्या चित्रावरून आधी काय आणि नंतर काय हे ठरत नाही. लहान हिप्पोकॅम्पस हा काहींच्या बाबतीत आजाराचा परिणाम नसून आधीपासूनचं कारणही असू शकतो. व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांच्या जुळ्या भावांवर 2002 मध्ये एक अभ्यास झाला. तो आघातानंतरच्या ताणविकाराबद्दल होता, पण इशारा हाच होता.

आणि लहान झालेलं कायमचं गेलं का? 1998 मध्ये स्वीडनच्या पीटर एरिक्सन यांच्या गटाने दाखवलं की प्रौढ माणसाच्या हिप्पोकॅम्पसमध्येही नव्या चेतापेशी तयार होतात. 2000 मध्ये रोनाल्ड डुमन यांच्या प्रयोगशाळेत दिसलं की नैराश्यावरची औषधं काही आठवडे दिली तर उंदरांमध्ये अशा पेशी वाढतात. आठवड्यांच्या त्या जुन्या कोड्याला हे एक संभाव्य उत्तर होतं. माणसात या पेशी म्हातारपणापर्यंत बनत राहतात का, यावर 2018 मध्ये दोन गटांनी अगदी उलट निष्कर्ष काढले. तो वाद अजून मिटलेला नाही.

मग या इतिहासातून हाती काय लागतं? आपल्याकडे म्हणतात, काळ हेच सगळ्या दुःखांवरचं औषध. शोकाच्या बाबतीत ते पुष्कळदा खरं ठरतं. पण नैराश्य म्हणजे शोक नव्हे. घरातली माणसं प्रेमापोटीच म्हणतात, "थोडे दिवस जाऊ देत, होईल बरं." ते दिवस फुकट जात नाहीत, त्यांचा हिशोब कुठेतरी होत असावा, असं क्रेपेलिनच्या कार्डांपासून शेलाइनच्या चित्रांपर्यंत सगळं सुचवतं. आणि त्याच पुराव्याची दुसरी बाजू अशी की पहिल्या फेऱ्यात फारसं काही हरवलेलं दिसत नाही. म्हणजे मदत घ्यायची सर्वांत चांगली वेळ तीच. पाचवा फेरा चालू असलेल्यालाही दार बंद झालेलं नाही. सरकारची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. तेवढं टिपून घ्या, आणि मग आपण प्रश्नांकडे वळू.