काचपेटीतला वायूंचा हिशेब

हायड्रिलाचा प्रयोग आपण सर्वांनीच केलेला किंवा वर्गात करून दाखवलेला असतो. चंचुपात्रातल्या पाण्यात वनस्पती, तिच्यावर उलटे नरसाळे आणि त्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी. पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका, अशी एक सूचनाही असते. हा सोडा कशासाठी? या प्रश्नाचा माग काढत गेलो तर आपण अठराव्या शतकात पोहोचतो आणि परततो ते घरातल्या मत्स्यालयापाशी.

जोसेफ प्रीस्टली १७६७ साली इंग्लंडमधील लीड्सला राहायला आले. शेजारीच बिअरची भट्टी होती. आंबणाऱ्या द्रवाच्या पिंपांवर एक जड वायू साचतो व त्यात पेटती काडी विझते, हे त्यांनी पाहिले. त्या काळी त्याला ‘स्थिर वायू’ म्हणत. हाच आपला कार्बन डायऑक्साइड. तो पाण्यात विरघळवण्याची कृती त्यांनी १७७२ साली प्रसिद्ध केली. त्याआधी, ऑगस्ट १७७१ मध्ये, मेणबत्ती विझलेल्या बंदिस्त हवेत त्यांनी पुदिन्याची डहाळी ठेवली होती. दहा दिवसांनी त्या हवेत मेणबत्ती पुन्हा जळली. हवा सुधारण्याचे हे काम वनस्पतींचे हिरवे भाग आणि तेही उजेडातच करतात, हे यान इंगेनहाउस यांनी १७७९ साली दाखवले.

पण त्यासाठी पाण्यात काय असावे लागते? जिनिव्हाच्या झां सेनबिए यांनी १७८२ साली याचे उत्तर दिले. उकळून वायू घालवलेल्या पाण्यात पानांवर बुडबुडे येईनात. स्थिर वायू मिसळताच ते भरपूर येऊ लागले. आपल्या चिमूटभर सोड्याचा अर्थ इथे लागतो. तोही वनस्पतीला कार्बनच पुरवतो.

पुढे लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया ठेवले. कुजणारी पाने व शेवाळ पाणी बिघडवू लागली, तेव्हा त्यात गोगलगायी सोडल्या. पाणी न बदलता सारे जगले. १८५० साली त्यांनी हा वृत्तान्त मांडला आणि ‘समतोल मत्स्यालय’ ही कल्पना रुजली. मासा कार्बन डायऑक्साइड देतो, वनस्पती प्राणवायू देते. फळ्यावर आपण काढतो ते दोन बाण हेच.

बाण खरे आहेत. पण दोन्ही सारख्याच जाडीचे असतात असे नाही. हवेच्या संपर्कातल्या पाण्यात या वायूचे प्रमाण लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या जरा वर असते आणि तो हवेपेक्षा पाण्यात सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. प्रखर दिव्याखाली दाट लावलेल्या वनस्पतींना चार माशांचा श्वास पुरत नाही. वाढ खुंटते, शेवाळ माजते. म्हणून हौशी लोक वायूची टाकी, दाब कमी करणारा रेग्युलेटर, एकाच दिशेने उघडणारी झडप आणि वायूचे बारीक बुडबुडे करणारी सच्छिद्र चकती बसवतात. स्वस्तातला मार्ग म्हणजे साखरेचे पाणी व यीस्ट घातलेली प्लॅस्टिकची बाटली आणि झाकणातून काढलेली नळी. लीड्सचे पिंपच जणू घरी येते!

मात्र या बाटलीची नळी कधीही बंद करू नये. दाब वाढून बाटली फुटेल. मध्ये एक रिकामी बाटली जोडावी, म्हणजे फेस पेटीत जाणार नाही. वायूचे प्रमाण लिटरला सुमारे ३० मिलिग्रॅमच्या वर नेऊ नये. पाण्यातच हा वायू फार झाला तर माशाच्या रक्तातला वायू कल्ल्यांवाटे बाहेर पडू शकत नाही. मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबते, वनस्पतीही कार्बन डायऑक्साइडच सोडतात. तेव्हा टाकी बंद करावी. बाटली असेल तर नळी पाण्याबाहेर काढून मोकळी ठेवावी.

वर्गात पेटी नसली तरी सेनबिएंचा प्रयोग जमतो. एका भांड्यात उकळून गार केलेले पाणी, दुसऱ्यात साधे, तिसऱ्यात यीस्टच्या बाटलीतला वायू सोडलेले पाणी घ्यावे. तिन्हींत सारखीच हायड्रिला, तिन्हींवर सारखाच उजेड. मुलांना मिनिटाचे बुडबुडे मोजू द्यावेत आणि फळ्यावरचे बाण किती जाड काढायचे, ते त्यांनाच ठरवू द्यावे.