तापमानवाढीला पक्ष कधी चिकटला?

हवामानबदलाविषयी मत विचारले की आज अमेरिकेत माणसाचा पक्ष बहुधा कळून येतो. ही फाळणी जणू मुळापासूनच होती, असे आपण गृहीत धरतो. आजच्या धाग्यात ती घडण्याआधीच्या आणि नंतरच्या काही वर्षांविषयी.

२३ जून १९८८. वॉशिंग्टनमध्ये तापमान ३७ अंशांच्या घरात, मध्य अमेरिकेत भीषण दुष्काळ. नासाचे शास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन सिनेटच्या समितीपुढे म्हणाले की, पृथ्वीचे तापणे हा निव्वळ योगायोगाचा चढउतार नाही, याची आपल्याला ९९ टक्के खात्री आहे. दुसऱ्या दिवशी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर ही बातमी होती.

त्यानंतर जे घडले ते आज वाचताना नवल वाटते. रिपब्लिकन उमेदवार थोरले जॉर्ज बुश यांनी प्रचारात ग्वाही दिली की, 'ग्रीनहाउस इफेक्ट'ला 'व्हाइट हाउस इफेक्ट'ने उत्तर देऊ. इंग्लंडमध्ये मार्गारेट थॅचर यांनी आधी रॉयल सोसायटीत आणि १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांत हाच विषय मांडला. थॅचर यांना पर्यावरणवादी डाव्या म्हणण्याचे धाडस कोणी करील, असे वाटत नाही!

पण त्याच १९८९ च्या मे महिन्यात हॅन्सन पुन्हा साक्षीला आले, तेव्हा त्यांच्या लेखी निवेदनात व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने फेरफार केलेला होता. निष्कर्ष अनिश्चित वाटावेत, अशी वाक्ये त्यात घातली होती. हॅन्सन यांनी ते सिनेटर अल गोर यांच्यासमोर उघड केले. बुश सत्तेवर येऊन तेव्हा चार महिनेही झाले नव्हते.

तेल, कोळसा आणि मोटार उद्योगांची 'ग्लोबल क्लायमेट कोअलिशन' ही आघाडीही त्याच वर्षीची. विज्ञान अजून संदिग्ध आहे, असे ती जाहीरपणे सांगत राहिली. तिच्याच तज्ज्ञांनी मात्र १९९५ च्या अंतर्गत मसुद्यात हरितगृह परिणामाचा शास्त्रीय पाया नाकारता येत नाही, असे लिहिले होते. तो कागद लोकांसमोर आला २००९ मध्ये.

डेमोक्रॅटही धुतल्या तांदळासारखे नव्हते. भारत-चीनसारख्या देशांवर बंधने नसतील तर अमेरिकेनेही ती स्वीकारू नयेत, हा ठराव सिनेटने जुलै १९९७ मध्ये ९५ विरुद्ध ० मतांनी संमत केला. क्लिंटन यांच्या सरकारने क्योटो करारावर सही केली. मंजुरीसाठी तो सिनेटपुढे ठेवलाच नाही.

पुढे २००२ च्या सुमारास फ्रँक लुंट्झ या जनमत-सल्लागाराने रिपब्लिकन नेत्यांसाठी टिपण लिहिले. 'ग्लोबल वॉर्मिंग' हे शब्द भीती घालतात, त्याऐवजी 'क्लायमेट चेंज' म्हणा. आणि शास्त्रज्ञांचे एकमत झालेले नाही, हे लोकांच्या मनावर ठसवत राहा, असा त्याचा सल्ला होता.

डिसेंबर २०१७ मध्ये लॉस एंजेलिसचा वणवा लुंट्झ यांच्या घरापर्यंत येऊन ठेपला. अग्निशामक जवानांनी घर वाचवले. २०१९ मध्ये सिनेटरांच्या एका समितीपुढे त्यांनी आपले चुकल्याची कबुली दिली आणि ते जुने शब्द वापरणे थांबवा, अशी विनंती केली.