विश्वासाचा पैसा

हातातल्या नोटा दुकानदाराला द्यायच्या आणि बदल्यात मोबाइलच्या पडद्यावर चार ओळी घ्यायच्या. एवढ्यावर कोणी विश्वास का ठेवील? केनियातल्या लोकांनी तो ठेवला. कसा, ते पाहू.

2006 साली तिथे पाच प्रौढांपैकी जेमतेम एकाचे बँकेत खाते होते. नैरोबीत राबणारा माणूस गावी पैसे धाडी ते ओळखीच्या कुणाबरोबर, नाहीतर बसचालकाच्या हाती. ते पोचेपर्यंत जिवाला घोर. मोबाइल मात्र झपाट्याने पसरत होता.

ऑक्टोबर 2005 मध्ये व्होडाफोन आणि सफारीकॉम या कंपन्यांनी मोबाइलवरून छोट्या कर्जांचे हप्ते फेडण्याचा प्रयोग सुरू केला. कर्जदारांनी त्याचा वेगळाच उपयोग शोधला. ते एकमेकांना पैसे पाठवू लागले! त्यातून धडा घेऊन मार्च 2007 मध्ये 'एम-पेसा' ही सेवा सुरू झाली. 'पेसा' म्हणजे स्वाहिली भाषेत पैसा. जाहिरातीत सांगणे एकच होते : घरी पैसे पाठवा.

पैसे भरायचे ते नेहमीच्या दुकानात. दुकानदार ओळखपत्र पाही, वहीत नोंद करून सही घेई आणि लगेच मोबाइलवर संदेश येई. खरी मेख पुढेच आहे. दुकानदाराने आधी स्वतःचे पैसे भरून तेवढी शिल्लक फोनवर घेतलेली असे. तुम्ही नोटा दिल्या की त्याच्या खात्यातली रक्कम तुमच्या खात्यात येई. तो उद्या दुकान बंद करून निघून गेला, तरी तुमचा पैसा शाबूत. सगळ्यांची मूळ रक्कम बँकेतल्या विश्वस्त खात्यात असे.

डिसेंबर 2007 च्या निवडणुकीनंतर दंगली उसळल्या. तेव्हा अडकून पडलेल्या नातलगांना लोकांनी याच मार्गाने पैसे पोचवले. कसोटीच्या वेळी उपयोगी पडले, ते आपले वाटू लागले. अडीच वर्षांच्या आत ग्राहक 60 लाखांवर गेले.

हीच सेवा 2010 मध्ये दक्षिण आफ्रिकेत सुरू झाली आणि 2016 मध्ये बंद पडली. तिथे पुष्कळांची बँकेत खाती आधीच होती. तंत्र तेच, गरज मात्र वेगळी.

म्हणजे विश्वास यंत्रात भरून येत नाही. खरी गरज, ओळखीचा माणूस, हातात पडणारा पुरावा आणि अडचणीच्या वेळचा अनुभव यांतून तो साठत जातो. आपल्या घरी मोबाइलवरून पहिल्यांदा पैसे पाठवले, तेव्हा मोठ्यांनी कशाची खात्री करून घेतली होती? मुलांना विचारून यायला सांगा. वर्गात फळ्यावर एक चांगली यादी तयार होईल.