गॅल्व्हस्टनची भिंत

अमेरिकेच्या टेक्सास किनाऱ्यालगत एका सखल बेटावर गॅल्व्हस्टन हे बंदर आहे. समुद्राला भिंत घालावी, अशी सूचना तेथे पूर्वीच झाली होती. पण हवामान खात्याचे आयझॅक क्लाइन यांनी १८९१ साली लिहिले, की वादळाचे भय खुळेपणाचे आहे. झाले, भिंत राहिली!

८ सप्टेंबर १९०० रोजी समुद्र गावात शिरला. सहा हजारांवर माणसे गेली. त्यांत क्लाइन यांची पत्नीही होती.

मग १९०४ पर्यंत १७ फूट उंच भिंत उभी राहिली. घरे जॅक लावून उचलली, खाली वाळू भरली. १९१५ साली तसेच वादळ आले. भिंतीआड प्राणहानी फार थोडी झाली.

भिंत बांधणे अशक्य नव्हते. ती आधी बांधायची होती, एवढेच.