ऐकणारा सहप्रवासी

नागपूरहून राजनांदगावला जाणारी गाडी आपल्या वरठीवरून, तुमसर रोडवरून जाते. १८९३ साली याच मार्गाने कवी नारायण वामन टिळक निघाले होते. डब्यात एक युरोपियन भेटला. त्याने आधी संस्कृत काव्याच्या गोष्टी काढल्या, टिळकांना बोलते केले. मग नवा करार हाती देऊन, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ते खरे ठरले.

तोच कान टिळकांनी पुढे अहमदनगरला लावला. इंग्रजी चालींवरच्या भाषांतरित गीतांनी माणसे हलत नव्हती, अभंग-कीर्तनाने हलत. टिळकांनी येशूला अभंगात आणले.

मी बिडी कामगारांपुढे मजुरीवर तीस वर्षे भाषणे ठोकली. एकदा एक म्हातारी म्हणाली, "भाऊ, आमचं कवा आयकशील?" तिला छाट म्हणून फेकलेल्या बिड्यांचे दुखणे सांगायचे होते. टिळकांना हे आधीच उमगले होते, म्हणून त्यांचा मला हेवा वाटतो.

१९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही तेथे जागा होती. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, टिळक वारले.